झाडकामाच्या गाडीचे नाक: वाचलेला मीटर कुणाचा?

झाडकामाला कोणती गाडी बरी, असे चितेगावात विचारले तर पहिले उत्तर ट्रॅक्टर-ट्रॉली हेच येईल, आणि ते अगदीच चुकीचे नाही. बांधावरची बाभूळ पाडायची, खांडे करायची आणि वखारीला पोहोचवायची एवढेच काम असेल, तर ट्रॅक्टरच्या वाटेला कुणी जाऊ नये. पण छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव आता नुसते शेतीचे राहिलेले नाही. व्हिडिओकॉनच्या कारखान्याने त्याचे नाव मराठवाड्याबाहेर नेले. पुढे त्याच रस्त्यावर बिडकीनला दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातली ‘ऑरिक’ वसाहत आखली गेली. जायकवाडीचे पाणी शहराला नेणाऱ्या जलवाहिन्याही याच रस्त्याच्या कडेने येतात, त्यातली नवी तब्बल 2500 मिलिमीटर व्यासाची. जिथे कारखाने आले तिथे विजेच्या तारा वाढल्या, कंपाउंड वाढली, दुभाजक आले, आणि झाडाचे काम पाडण्याकडून छाटण्याकडे सरकले. तारेला टेकलेली कडुनिंबाची फांदी पावसाळ्याआधी उतरवायची, गोदामाच्या पत्र्यावर झुकलेला गुलमोहर हलका करायचा, दुभाजकातली झाडे वाहतूक न थांबवता आवरायची, अशी ही कामे आहेत. त्यांना माणूस वर नेणारी बकेट लागते, खाली पडलेला पाला-फांद्या भरायला हौदा लागतो, आणि हे सगळे वाहणारा ट्रक लागतो. तो ट्रक चपट्या तोंडाचा असावा की नाकाचा, हा वाद वरवर पाहता ड्रायव्हरच्या आवडीनिवडीचा वाटतो. तपशिलात गेले की तो जागेचा वाद असल्याचे दिसते.

आधी हे तोंड कसे ठरले ते पाहू, कारण झाडकामाने ते कधीच ठरवलेले नाही. टाटांनी 1954 मध्ये डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले तेव्हा गाडीला पुढे लांब बोनेट होते. बोनेट उचलले की इंजिन समोर. मिस्त्रीला ते सोयीचे आणि ड्रायव्हरला धीर देणारे. माल लांब, रस्ता अरुंद आणि गाडीच्या एकूण लांबीवर सरकारी मर्यादा, असे तिन्ही एकत्र आल्यावर हे नाक आत ढकलले गेले आणि केबिन इंजिनावर चढली. जपानात हे आधीच झाले होते. इसुझूची एल्फ 1959 ची, मित्सुबिशीची कँटर 1963 ची, दोन्ही तिथल्या चिंचोळ्या गल्ल्यांसाठी बांधलेल्या. ऐंशीच्या दशकात आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा, डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान या जोड्यांनी तीच चपटी केबिन आपल्या टेंपोंना दिली. टाटांनी 1986 मध्ये 407 काढली ती मधली वाट धरून, अर्ध्या नाकाची. अमेरिकेत उलटे झाले. तिथे राज्यांच्या लांबीच्या नियमांमुळे चपटे ट्रॅक्टर-ट्रेलर बोकाळले होते. 1982 च्या कायद्याने मोठ्या महामार्गांवर एकूण लांबीची अट काढली आणि नाकाच्या गाड्या परत आल्या. तरीही तिथल्या झाडकामाच्या कंपन्या वस्तीतल्या गल्ल्यांसाठी इसुझूसारख्या चपट्या गाड्या वापरतात. म्हणजे मोठ्या रस्त्याचा निकाल गल्लीला लागू होत नाही, एवढे तरी त्यातून कळते.

मालवाहतुकीच्या ट्रकला आपण धावण्यावरून जोखतो: मायलेज, पिकअप, घाटात ओढ. झाडकामाचा ट्रक दिवसातला बहुतेक वेळ उभा असतो. सकाळी पाच-दहा किलोमीटर, मग एका खांबाखाली तासभर, पन्नास फूट पुढे, पुन्हा तासभर. त्यामुळे पहिला प्रश्न असा की ही गाडी उभी असताना किती जागा अडवते. सारख्याच हौद्याच्या दोन गाड्या शेजारी लावल्या तर नाकाची गाडी साधारण मीटर-सव्वा मीटर जास्त लांब भरते. ग्रामसडक योजनेतल्या एकपदरी रस्त्याचा डांबरी पट्टा 3.75 मीटरचा असतो. बकेटच्या गाडीने त्यावर दोन्ही बाजूंचे जॅक टेकवले की रुंदीत काहीच उरत नाही, मग अडवणूक मोजायची ती लांबीतच. वळण्याचा हिशेबही असाच. पुढची चाके दोन्ही गाड्यांत 40 अंशांपर्यंत वळतात असे धरले, तर 3.4 मीटर व्हीलबेसच्या गाडीला सव्वापाच मीटरच्या आसपास त्रिज्या लागते आणि 4.4 मीटरच्या गाडीला जवळजवळ पावणेसात. कारखान्याच्या फाटकातून आत शिरून, सुरक्षा चौकीला वळसा घालून, शेडच्या मागच्या झाडापाशी पोहोचायचे असते तेव्हा त्रिज्येतला हा दीड मीटर म्हणजे एका फटक्यात वळणे आणि तीनदा मागेपुढे करणे यांतला फरक. चपट्या गाडीचा ड्रायव्हर चाकाच्या वर किंवा पुढे बसतो, म्हणून त्याला कोपरा ओलांडून मग वळवायची सवय करावी लागते, आणि वळताना गाडीचा पुढचा कोपरा बाहेर झोकतो. पण ही शिकण्याची गोष्ट आहे. लांबी शिकून कमी होत नाही.

दुसरा प्रश्न समोर काय दिसते याचा. झाडकामात गाडीभोवती सतत माणसे असतात. कुणी फांदी ओढत नेतो, कुणी दोर धरून वर बघत उभा असतो, आणि बघ्यांमध्ये शाळेतून परतणारी पोरे असतातच. नाकाच्या मध्यम ट्रकमध्ये ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या आसपास, नाकाचे टोक त्याच्यापुढे दोन मीटर आणि दीड मीटर उंचीचे, असे धरून रेघ ओढली तर गाडीच्या पुढची सुमारे चार मीटर जमीन त्याला दिसतच नाही. चपट्या गाडीत काचेची खालची कड डोळ्यापासून जेमतेम हातभर पुढे असते, त्यामुळे दीडएक मीटरच्या आतली जमीनही दिसू लागते. एक मीटर उंचीचे मूल नाकाच्या टोकापासून सव्वा मीटरपर्यंत सहज लपू शकते. चपट्या गाडीपुढे त्याला लपायला अर्धा मीटरही मिळत नाही. मात्र चपटी केबिन उंच असते, आणि तिच्या डाव्या दाराखाली जो आंधळा कोपरा तयार होतो तो कमी घातक नाही. लंडन शहराने 12 टनांवरच्या ट्रकांना केबिनमधून थेट किती दिसते यावर तारे देऊन परवाने सुरू केले, आणि ऑक्टोबर 2024 पासून किमान तीन ताऱ्यांची अट घातली. युरोपातले जवळपास सगळे ट्रक चपट्याच तोंडाचे असताना ही अट आणावी लागली, हे लक्षात घेतले तर चपटे तोंड म्हणजे आपोआप सुरक्षित तोंड असा अर्थ कुणी काढणार नाही. डाव्या दारात खाली काच बसवणे, पुढच्या डाव्या कोपऱ्यावर खाली बघणारा गोल आरसा लावणे, हे काम फार खर्चाचे नाही. नाकाच्या गाडीच्या पुढ्यातली चार मीटर जमीन मात्र आरशाने पुरती भरून येत नाही.

इथवर पारडे चपट्या गाडीकडे झुकते आणि बहुतेक चर्चा इथेच संपते: आखूड गाडी, मोठा हौदा, सौदा चांगला. माझा आक्षेप नेमका या मोठ्या हौद्यावर आहे. चपट्या तोंडामुळे मीटरभर जागा वाचते खरी, पण ती कुणाला मिळते? आपल्याकडे चासी शोरूममधून निघते आणि बॉडी बांधणाऱ्याकडे जाते, आणि तिथे वाचलेली प्रत्येक वीत हौद्याला दिली जाते, कारण मालकाला दिसतो तो हौदाच. झाडकामात या उदारतेचा उपयोग किती, ते मोजून पाहू. तीन मीटर लांब, 1.9 मीटर रुंद आणि फळ्या चढवून 1.8 मीटर उंच केलेला हौदा दहा घनमीटरच्या वर भरतो. सव्वादोन-अडीच टन वाहणाऱ्या 407 च्या वर्गातल्या गाडीवर तो बसवला आणि त्यात नुसत्या छाटलेल्या फांद्या कोंबल्या, तर घनमीटरला शंभर-सव्वाशे किलो धरून सव्वा टनावर हौदा भरून वाहू लागतो. गाडीची ताकद निम्मी शिल्लक राहते. इथे मोठा हौदा हवासा वाटणे साहजिक आहे. पण त्याच हौद्यात ओले ओंडके रचले, तर फटी वजा जाऊनही घनमीटरला साडेपाचशे किलोच्या आसपास वजन बसते. म्हणजे हौदा निम्मा भरण्याआधीच गाडीचे वजन पुरे होते, आणि वरचा निम्मा हौदा म्हणजे जादा भाराला दिलेले आमंत्रण. ओली बाभूळ तर याहून जड. फांद्यांचा चुरा करणारा चिपर सोबत असेल, तर चुरा घनमीटरला तीनेकशे किलो भरतो आणि आठ घनमीटरमध्येच अडीच टन होतात. फांद्यांसाठी लांब हौदा हवा हे कारणही चिपर आला की उरत नाही. हौदा मीटरभर वाढवला तर साडेतीन घनमीटरची भर पडते, आणि ओंडक्यांच्या दिवशी ही भर जवळजवळ दोन टनांची असते. ती मागच्या पाट्यांवर आणि टायरांवर जाते, आणि पैठण रस्त्यावरच्या पहिल्या ब्रेकला कळते.

हा मीटर माणसांना द्यावा, एवढेच मला म्हणायचे आहे. झाडकामाची टोळी पाच-सहा जणांची असते: वर चढणारा, बकेटवाला, करवत चालवणारा, दोर धरणारा, दोन ओढणारे. साध्या केबिनमध्ये ड्रायव्हर धरून तिघे बसतात. उरलेले हौद्यात, फांद्यांवर, कोयते-कुऱ्हाडी आणि पेट्रोलच्या कॅनसोबत. परतीच्या वाटेवर हौदा भरलेला असतो तेव्हा तर ते भाराच्या वर बसतात, म्हणजे तारांच्या आणि खालच्या फांद्यांच्या आणखी जवळ. नाकाच्या गाडीला दुसऱ्या रांगेची केबिन जोडली तर ती इतकी लांबते की गावात वळत नाही, आणि हा अडथळा खरा आहे. चपट्या गाडीत नाकाची वाचलेली जागाच दुसऱ्या रांगेला पुरते. दोन रांगांची चपटी गाडी एका रांगेच्या नाकवाल्या गाडीएवढीच लांब राहते, आणि हौदाही तेवढाच मिळतो. झाडकामापुरता चपट्या तोंडाचा सगळ्यात मोठा गुण हा आहे, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात कमी वापरला जातो. यावर एक रास्त शंका निघते: दोन रांगांची केबिन आणि चार माणसे, हे सगळे वजन पुढच्या आसावर जाईल. जाईल खरे. चपट्या गाडीत इंजिन, केबिन, ड्रायव्हर हे सगळे आधीच तिथे बसलेले असते. पण माणसांचे वजन तीनशे-साडेतीनशे किलो असते आणि ठरलेले असते, ओंडक्यांसारखे लोभाने वाढत नाही. शिवाय गाडीमागे चिपर ओढला की त्याच्या दांड्याचे वजन मागच्या आसाच्या मागे पडते आणि पुढचा आस थोडा हलका करते. आसभाराचा हिशेब करूनच चासी निवडायची आहे, आणि माणसांचा हिशेब कागदावर मांडता येतो. जादा ओंडक्यांचा मांडता येत नाही.

चपट्या गाडीच्या विरोधातला खरा जड मुद्दा इंजिनापर्यंत पोहोचण्याचा आहे, आणि तो बकेटच्या गाडीत विचित्र वळण घेतो. नव्या चपट्या गाड्यांची केबिन पुढे कलते आणि इंजिन उघडे होते. जुन्या, चासीवर लाकडी केबिन बांधलेल्या गाड्यांत ती कलतच नाही. केबिनच्या आतलाच फुगवटा उघडून काम करायचे, आणि तोच फुगवटा क्लीनरची बैठक असतो. बकेटचा लांब दांडा बहुतेक वेळा केबिनच्या टपावरून पुढे आडवा ठेवलेला असतो. मग केबिन कलवायची तर आधी दांडा उचलावा लागतो. दांडा उचलायला हायड्रॉलिक पंप लागतो, पंप पीटीओने, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या जोडणीने चालतो, आणि केबिन कलवायची वेळ येते ती बहुधा इंजिन बंद पडल्यावरच. इंजिन बंद म्हणून दांडा उचलत नाही, दांडा उचलत नाही म्हणून केबिन कलत नाही, केबिन कलत नाही म्हणून इंजिन दिसत नाही. वर बकेटमध्ये माणूस अडकला असेल तर हा गुंता भर उन्हात जिवावर येतो. यावर उपाय आहेत. बॅटरीवर किंवा हाताने चालणारा आपत्कालीन पंप बसवावा. किंवा दांड्याचे खोड केबिनच्या मागे न बसवता हौद्याच्या शेवटी बसवावे, म्हणजे दुमडलेला दांडा हौद्यावर राहतो आणि टप मोकळा. दुसऱ्या उपायात हौद्याचा काही भाग जातो, पण तो हौदा तसाही जास्तच होता, हे वर दिसलेच. गाडीची उभी उंचीही त्याने कमी होते. चपटी केबिन उंच, तिच्या टपावर दांडा, म्हणजे वडाच्या खालच्या फांद्यांखालून आणि सेवेच्या तारांखालून जाताना नाकाच्या गाडीपेक्षा ती जास्त अडते. रस्ता ओलांडणारी 11 केव्हीची तार जुन्या वीज नियमांनुसार 6.1 मीटरवर हवी, कमी दाबाची 5.8 वर. पण उन्हाळ्यात तारा झोळतात आणि डांबराचे थर चढून रस्ता वर येतो. साडेतीन मीटर उंचीची गाडी त्यात निर्धास्त नसते.

विजेचा मुद्दा आलाच आहे तर एक गैरसमज बाजूला करू. बकेटचा दांडा विद्युतरोधक आहे की नाही, हे त्या दांड्याच्या बनावटीवर अवलंबून असते, गाडीच्या तोंडावर नाही. साध्या पोलादी दांड्याची बकेट तारेला लागली तर नाकाची असो वा चपटी, संपूर्ण गाडी जिवंत होते, आणि खाली उभा राहून फाळक्याला हात लावणारा माणूस पहिला जातो. महावितरणकडून फीडर बंद करून घेणे आणि तार मृत असल्याची खात्री करून मगच वर जाणे, याला गाडीची कोणतीही रचना पर्याय नाही. अमेरिकेत विजेचे प्रशिक्षण नसलेल्या कामगाराने 50 केव्हीपर्यंतच्या जिवंत तारेपासून 10 फूट दूर राहावे असा दंडक आहे. आपल्याकडे फांदी तारेवर टेकलेलीच असते तेव्हा हे अंतर पाळायचे म्हणजे पुरवठा बंद करायचाच. गाडी निवडताना हा खर्चाचा नाही, वेळेचा हिशेब आहे. परवानगीचा तास मोजून मिळत असेल, तर पटकन येऊन, पटकन जॅक टेकून, पटकन निघणारी आखूड गाडी त्या तासात दोन खांब जास्त उरकते.

जॅक टेकण्यावरून इथल्या मातीचे बोलले पाहिजे. पैठण तालुक्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी होते. रस्त्याच्या कडेला जलवाहिनीचे चर भरून घेतलेले असतात, आणि वरून सपाट दिसणारी ती जमीन आत पोकळ असू शकते. बकेटच्या गाडीचा जॅक अशा भरावावर टेकला आणि खचला तर वरचा माणूस दांड्यासकट झुकतो. चपट्या गाडीत वजन पुढे एकवटलेले असल्याने पुढचे जॅक आणि पुढची चाके जास्त रुततात. नाकाच्या गाडीत भार थोडा पसरतो. हा फरक खरा आहे, पण निर्णायक नाही. जॅकखाली रुंद फळी किंवा जाड पट्टी ठेवणे दोन्हींना सक्तीचेच आहे, आणि चराच्या भरावावर जॅक टेकूच नये, हेही दोन्हींना.

आता उष्णता. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, आणि उभ्या गाडीला धावण्याचा वारा मिळत नाही. इंजिन पीटीओवर तासन्‌तास चालते, रेडिएटरला फक्त पंख्याचा आधार, आणि त्याच्या जाळीवर कडुनिंबाचा पाला नि करवतीचा भुसा चिकटलेला. चपट्या गाडीत हे सगळे ड्रायव्हरच्या बुडाखाली. जुन्या केबिनमध्ये त्या उष्णतेने माणूस अक्षरशः भाजून निघतो, आणि या मुद्द्यावर नाकाची गाडी निर्विवाद सरस होती. होती म्हणण्याचे कारण असे की केंद्र सरकारने 2025 पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे केले आहे. झाडकामाच्या टोळीसाठी ही चैन नाही. दोन रांगांची थंड केबिन ही दुपारी टोळीला मिळणारी एकमेव सावली ठरू शकते, कारण सावली देणारे झाड तर छाटायला घेतलेले असते. उष्णतेचा दुसरा धोका मात्र कमी बोलला जातो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नियम आल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारे गाळणे आले, आणि ते साफ होताना धुराडे प्रचंड तापते. मंद चालीवर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाडीत काजळी लवकर साठते, म्हणून ही सफाई वारंवार लागते. खाली वाळका पाला असताना ती सुरू झाली तर पेट घ्यायला वेळ लागणार नाही. इथे गाडीच्या तोंडाचा संबंध थोडाच. धुराडे कुठून निघते, बॉडी बांधणाऱ्याने ते कोणत्या बाजूला वळवले, हे जास्त महत्त्वाचे. दिवसाअखेर रेडिएटरची जाळी झाडणे आणि गाडीखालचा पाला ओढून काढणे, यात आळस करून चालत नाही.

सुरक्षेचा आक्षेप सगळ्यात भावनिक आहे आणि सगळ्यात जुनाही: समोरून धडक बसली तर नाकाच्या गाडीत आधी नाक चेपते, चपट्या गाडीत आधी ड्रायव्हरचे गुडघे. हे खरे आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. लाकडी केबिन बांधलेल्या जुन्या चपट्या गाड्यांत तर काही उरतच नाही. पैठण रस्त्यावर कारखान्यांच्या पाळ्या सुटताना जी गर्दी होते, उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या ज्या रांगा लागतात, त्यात समोरासमोरची धडक ही केवळ कल्पना नव्हे. पण झाडकामाच्या गाडीला धोका कुठून येतो याचे वजन करायला हवे. ती दिवसातून काही किलोमीटर, बहुधा संथ धावते. बाकीचा वेळ ती रस्त्याच्या कडेला किंवा रस्त्यातच उभी असते, आणि तिच्यावर येऊन आदळणारी गाडी बहुधा मागून येते. मागून येणाऱ्या धडकेत नाक उपयोगी नाही. उपयोगी ते मागचे पट्टे, पन्नास-शंभर मीटर आधी ठेवलेले शंकू, झेंडा धरून उभा असलेला माणूस, आणि फाळक्याखाली छोटी गाडी घुसू न देणारा आडवा लोखंडी दांडा. समोरच्या धडकेसाठी उत्तर असे की कारखान्यात बांधलेली, धडकेची चाचणी उत्तीर्ण झालेली पोलादी केबिन घ्यावी, चासीवर सुताराकडून बांधून घेऊ नये. त्यासाठी जास्त पैसे पडतात. नाकाची गाडी घेऊन ते वाचवायचे, आणि मग तीन माणसांना हौद्यात बसवून आणायचे, हा हिशेब मला पटत नाही. चेपणाऱ्या नाकाचे संरक्षण केबिनमधल्या तिघांना मिळते. हौद्यातल्या तिघांना ते कधीच मिळत नाही.

उरला ट्रॅक्टर. तो या वादात नाकाच्या बाजूचाच, आणि ट्रॉलीसकट लांबीत सगळ्यांना मागे टाकणारा. बांधावर, ओल्या शेतात, विहिरीच्या कडेला जिथे ट्रकची पुढची चाके रुतून बसतील तिथे त्याला तोड नाही, आणि पीटीओवर चालणारा छोटा चिपरही तो ओढतो. पण रस्त्यावरच्या कामात ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो, मागे दिवा असला तर असतो, मागे घेताना ती कुठे वळेल याचा नेम नसतो, आणि शेतीच्या नावाने नोंदलेली ट्रॉली ठेक्याच्या कामाला लावली की कायद्याचा प्रश्न उभा राहतो. गावात खरा प्रतिस्पर्धी म्हणून आणखी एक गाडी आहे, ती म्हणजे बोनेटवाली बोलेरो पिकअप. टन-दीड टनाच्या भारात, दोन-तीन माणसांत आणि बकेटविना होणाऱ्या छाटणीला ती चांगली आहे. 2005 मध्ये आलेल्या टाटा एसची, म्हणजे ‘छोट्या हत्ती’ची चपटी केबिन तर गावाच्या आतल्या बोळांसाठीच बनल्यासारखी. पण बकेट आणि चिपर ओढायचा म्हटले की दोन्ही कमी पडतात, आणि तिथून वर नाकाची निवड बाजारात जवळजवळ उरतच नाही. अर्ध्या नाकाची 407 हा एक टिकून राहिलेला अपवाद. तिचे इंजिन प्रत्येक मिस्त्रीच्या हातातले आहे, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला याचे मोल कळते. पण अर्ध्या नाकाच्या गाडीत दुसरी रांग बसवायची म्हटले तर हौद्यातूनच कापावी लागते, आणि मग मालक ती बसवत नाही.

तेव्हा प्रश्न शेवटी गाडी घेणाऱ्याकडून ठेका देणाऱ्याकडे जातो. ग्रामीण भागात झाड तोडण्याला 1964 चा महाराष्ट्राचा वृक्षतोड नियमन कायदा लागू आहे, नागरी भागात 1975 चा. नागरी कायद्यात 2021 मध्ये 50 वर्षांवरच्या झाडांना ‘हेरिटेज’ संरक्षण मिळाल्यावर तोडीची परवानगी आणखी अवघड झाली. परवानग्या कठीण होत जातात तसे छाटणीचे काम वाढते, आणि छाटणीचे काम म्हणजे ओंडके कमी, फांद्या जास्त, माणसे जास्त. ठेकेदार गाडी आपल्या मर्जीने निवडतो तोवर वाचलेला मीटर हौद्यालाच जाणार. वीज कंपनी, औद्योगिक वसाहत किंवा ग्रामपंचायत निविदेत टोळीतल्या प्रत्येक माणसाला केबिनमध्ये आसन आणि पट्टा, बकेटला आपत्कालीन पंप, आणि सोबत चिपर अशा तीन अटी घालू शकते. या अटी लिहिल्या की ट्रकच्या तोंडाचा वाद बराचसा मिटतो, कारण पावणेचार मीटरच्या रस्त्यावर त्या सगळ्या एकत्र पाळू शकणारी गाडी चपट्याच तोंडाची निघते. कामाचा दर त्याने किती वाढेल, आणि चिपरचा चुरा घ्यायला कोण तयार होईल, हे त्यापुढचे हिशेब आहेत. चुऱ्याला जळणाचा किंवा आच्छादनाचा ग्राहक मिळाला नाही, तर ठेकेदार पुन्हा फांद्या कोंबायला मोठा हौदा मागेल, आणि सध्याच्या दरात त्याला नाही म्हणणे कठीण जाईल.